गुरुदासचा वाटा

आनंदी तारी चौके आणि कट्टा या गावांकडे मासे विकते. शिळा मासा ताजा म्हणून देत नाही, आणि कोणी फारच भाव पाडून मागितलं तर पाटीवरचं फडकं ओढून पुढच्या दाराला जाते. रविकांतच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात तिच्या बाबतीत जे घडलं ते पाहायला पुष्कळ माणसं होती, पण जो तो आपल्या सोयीने सांगतो. काही तर तिथे नव्हतेच. मी होतो. म्हणून लिहितो.

मी उभा जन्म रापण ओढली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. होडी लांब जाळं घेऊन दर्यात जाते, अर्धगोल फिरते आणि परत किनाऱ्याला येते. जाळ्याच्या दोन टोकांचे दोन दोर वाळूवर असतात. प्रत्येक दोरावर माणसांची एक ओळ. दोन्ही ओळी ओढत ओढत एकमेकींच्या जवळ येतात आणि शेवटी जाळं वाळूवर चढतं. मग मासळीचे वाटे पडतात. ज्याचा हात दोराला लागला त्याला वाटा. हात लावला नाही, त्याला नाही. यापलीकडे आमच्यात कायदा नाही.

दोरावर माणूस ओळखू येतो. पुढचा किती ओढतो, किती नुसता धरून चालतो, ते मागच्याच्या तळहाताला कळतं. माझ्या पुढे गुरुदास असायचा, आनंदीचा नवरा. उंच, काळा, हसरा. गुरुदास चांगला ओढायचा, पण सलग नाही. लहानपणी होडीवरून खडकावर पडून त्याचा डावा खांदा निखळला होता आणि तो नीट बसला नव्हता. थोडं ओढलं की तो डावा हात सोडून खांदा झटकायचा आणि पुन्हा धरायचा. तेवढ्या वेळात त्याचं सगळं वजन माझ्या अंगावर. मी शिव्या द्यायचो.

"मेल्या, खांदो झटकतंस की नाचतंस?"

"काका, तुमी मागे आसास म्हणान झटकतंय," तो म्हणायचा. "दुसरो कोण असतो तर जाळा दर्यात गेला असता."

त्याच्या या हात सोडण्याची मला इतकी सवय झाली होती की तो सोडणार हे मला आधी कळायचं आणि मी पाय रोवून तयार असायचो.

रविकांतचं दुकान बंदराकडच्या रस्त्याला. आधी तिथे त्याच्या वडिलांचं शिंप्याचं काम होतं. अठ्ठ्याण्णव साली सावंतवाडीतला कोणी गेमवाला धंदा बंद करत होता, त्याच्याकडून रविकांतने एक मशीन उचलून आणलं. टेम्पोतून उतरवायला आम्हीच चौघे गेलो. कपाटाएवढं लाकडी खोकं, पुढे काचेचा पडदा, खाली दोन काठ्या आणि दोन्हीकडे बटणं. नाणं घातलं की पडद्यावर दोन विमानं यायची, एक तांबडं आणि एक निळं. वरून शत्रूची विमानं गोळ्या सोडत उतरायची. आपण चुकवायचं आणि मारायचं. आमच्या इथे त्या विमानांना कोणी विमान म्हटलं नाही. तांबडी होडी आणि निळी होडी.

पहिल्या वर्षी रविकांतने नारळी पौर्णिमेला स्पर्धा लावली. दिवसभर नारळावर नारळ आपटून लढवून झाले की माणसं मोकळीच असतात. बक्षीस होतं एक नारळ आणि दोन फुकट डाव. ज्याने जिंकलं त्याने नारळ तिथेच फोडून वाटला. पुढच्या वर्षी भांड्यांच्या दुकानदाराने स्टीलचा डबा दिला. मग भिंतीवरचं घड्याळ. मग सायकल. सायकलीच्या वर्षी देवगडाकडून, जामसंड्याहून पोरं आली आणि तेव्हा आमच्या लोकांना वाटलं की हा नुसता पोरखेळ नाही. खेळून वस्तू मिळते म्हटल्यावर ज्यांनी त्या दुकानाच्या नावाने बोटं मोडली होती तेसुद्धा दाराशी येऊन उभे राहू लागले.

स्पर्धा जोडीची असायची. दोघांचे गुण एकत्र धरायचे. एकाची होडी फुटली तर दुसऱ्याने पुढे खेळायचं. काठीला तिसऱ्याचा हात लागला की जोडी बाद.

पावसात रापण बंद असते. त्या दिवसांत गुरुदास आनंदीला घेऊन तिथे जायचा. बायकोला घेऊन गेम खेळायला जाणारा आमच्या गावातला तोच पहिला. लोक हसले. ती सुरुवातीला दारात उभी राहायची, मग एकदा काठी धरली, आणि कळलं की तिचा हात त्याच्यापेक्षा चांगला चालतो. सुंगटं म्हणजे कोळंबी सोलणाऱ्या बायकांची बोटं तशीही न बघता चालतात. ती डावीकडे, तांबड्या होडीवर. तो उजवीकडे भिंतीला लागून, निळ्या होडीवर. काठी डाव्या हाताने धरावी लागते, म्हणजे त्याचा दुखरा खांदा. तिथेही तो तेच करायचा. थोडं खेळलं की हात सोडून खांदा झटकायचा. तेवढ्या वेळात आनंदी तांबडी होडी त्याच्या होडीच्या पुढे आडवी घालायची आणि त्याच्यावरच्या गोळ्या स्वतः मारून काढायची. सांगावं लागत नसे. मी दोराच्या मागे जे करायचो तेच ती तिथे करायची. फरक इतकाच की ती शिव्या देत नसे.

सायकलीच्या वर्षी ती दोघं दुसरी आली.

दोन हजार एकच्या दिवाळीनंतर गुरुदास एका ट्रॉलरवर खलाशी म्हणून गेला. घराचं छप्पर करायचं होतं. ट्रॉलर परत आला, त्यावरची बाकीची माणसं परत आली. सकाळी हाक मारली तर गुरुदास जागेवर नव्हता, एवढंच ते सांगू शकले. दर्या शांत होता म्हणाले. अंग मिळालं नाही.

अशा माणसाबद्दल आमच्या रापणीत एक रीत आहे. ज्याचं अंग दर्याने परत दिलं नाही त्याचा वाटा बंद करत नाहीत. रोज वाटे पडतात तेव्हा त्याचाही पडतो आणि घरी जातो. तो बंद करायचा अधिकार रापणीच्या म्होरक्याला, म्हणजे तांडेलाला नाही, गावाला नाही. त्याच्या बायकोने, बायको नसेल तर आईने, वाळूवर यायचं आणि दोराला हात लागायच्या आधी तोंडाने सांगायचं, वाटा काढू नका. तोपर्यंत तो माणूस दोरावर आहे असं धरायचं.

आनंदी आली नाही. आम्ही वाटा काढत राहिलो. तिच्या घरी सासू आणि शाळेत जाणारी मुलगी जान्हवी. वाटा हवाच होता.

आता एक गोष्ट लिहितो ती मी त्या वेळी कोणाला सांगितली नव्हती. गुरुदास गेल्यावर आमच्या ओळीत एक माणूस कमी झाला. नवीन कोणी घेतला नाही. दोर जड लागायला हवा होता. तो हलका लागू लागला. मी ओळीत सगळ्यात मागे, माझ्या पुढची जागा रिकामी, आणि तरी माझ्या तळहातावर पूर्वीपेक्षा कमी वजन. मला वाटलं दोर नवा आहे म्हणून. मग वाटलं पाण्याची ओढ किनाऱ्याकडे आहे. दोन हंगाम मी अशी कारणं काढत राहिलो. गुरुदासचा हात सुटायची वेळ आली की मी सवयीने पाय रोवायचो, आणि वजन यायचंच नाही. सलग, एकसारखं ओढलं जायचं. एकदा मी मुद्दाम हात ढिले केले. दोर तसाच चालत राहिला. त्या दिवशी मी जेवलो नाही.

दोन हजार तीनच्या स्पर्धेला बक्षीस लागलं लूना. जुनी, पण इंजिन नीट केलेली आणि रंग नवा. कुडाळच्या एका गाड्यावाल्याने जाहिरातीसाठी दिली होती. रविकांतने ती दुकानापुढे उभी केली आणि वर प्लास्टिक घातलं. पावसात ती तशी उभी असायची आणि पोरं प्लास्टिक वर करून बघून जायची.

आनंदी एसटीने मासे न्यायची. पाटी टपावर चढवायची, चौक्याला उतरवायची, मग डोक्यावर घेऊन चालायचं. पुढच्या गावांत पोचेपर्यंत ऊन वर यायचं आणि बर्फ संपायचा. लूना मिळाली तर चौक्याच्या पुढे, जिथे कोणी मासेवाली जात नाही, तिथे ती सकाळीच पोचली असती. हे तिने मला सांगितलं. मी म्हटलं, मग कोणाला तरी जोडीला घे. माझी बोटं वाकत नाहीत, नाहीतर मीच आलो असतो.

"लूना व्हयी आसा, काकानू," ती म्हणाली. "पण त्यापरास एक व्हया. तो आसा की नाय, ता माका एकदा कळांदे. दोन वरसां माका कोण सांगणा नाय. तुमी वाटो धाडतास आणि गप रवतास."

मी तिची पाटी डोक्यावर चढवून दिली.

नावं द्यायच्या दिवशी रविकांत दुकानात पाटी आणि खडू घेऊन बसला होता. आमचा तांडेल गंगाराम बाकावर चहा पीत होता. मी त्याच्या शेजारी. कॉलेजातली निकेत आणि विकी ही जोडी नाव देऊन उभी होती. या वर्षी तीच जिंकणार असं सगळे म्हणत होते. आनंदी माशांची पाटी बाहेर ठेवून आत आली.

"आनंदी तारी," तिने सांगितलं.

"जोडीक कोण?"

"गुरुदास तारी."

रविकांतने खडू खाली ठेवला. "वैनी, मस्करी करू नकात."

"मस्करी खंय? तांडेल हंय आसत, तेंका विचार. काकानू, गुरुदासाचो वाटो काढतास की नाय?"

गंगारामने कप खाली घेतला. "काढतंव."

"मेल्या माणसाचो वाटो काढतास?"

"मेल्याचो वाटो आमी कधी काढूक नाय."

"मगे जित्याचो झालो. जित्याचा नाव लिव रे, रविकांत."

गुरुदास मेला म्हटलं तर दोन वर्षं काढलेला वाटा खोटा. जिवंत म्हटलं तर पाटीवर नाव. गंगारामने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्या कपातल्या चहाकडे बघितलं.

दारात सुशीला मासेवाली उभी होती. तिच्या जिभेला गावात जोड नाही. "आणि दुसरी काठी कोण धरतलो गो? तुझी सासू?"

माणसं हसली. आनंदीही थोडी हसली.

"ज्याचो वाटो, तो धरतलो," ती म्हणाली.

निकेत चांगला मुलगा. तो पुढे होऊन म्हणाला, "काकी, आमचो डाव झाल्यार मी धरतंय दुसरी. रविकांतदादा काय म्हणूचो नाय."

"तू तुझो डाव बघ, झिला. लूना तुका व्हयी मा?"

रविकांतने नाव लिहिलं. एकटी खेळणार, लवकर बाद होणार, कशाला वाद, असा त्याने विचार केला असावा. आम्ही सगळ्यांनी तोच केला.

त्या वर्षी स्पर्धा पौर्णिमेच्या आदल्या दुपारी होती. पाऊस होता, पण धुवांधार नाही. पत्र्यावर एकसारखा आवाज. दुकान माणसांनी भरलेलं आणि ओल्या कपड्यांचा वास. दर वर्षीप्रमाणे रविकांतने मशीनपुढे नारळ ठेवला आणि देवाला गाऱ्हाणं घातलं. त्याला चांगलं येतं, त्याच्या वडिलांना यायचं.

"बा देवा महाराजा, आज ह्यो खेळ मांडलो आसा, तो सुरळीत पार पाड रे महाराजा."

"होय महाराजा," सगळे म्हणाले.

"जो कोण राखणदार आसात, जो कोण वाटेक आसात, जो कोण आपल्या वाट्याची वाट बघतासात, तेणी ह्यो नारळ मान्य करून घेवचो, आणि खेळणाऱ्याच्या पाठीशी उभ्या रवाचा रे महाराजा."

"होय महाराजा."

तो दर वर्षी हेच म्हणायचा. त्या वर्षी मी होय म्हटलं आणि मग शब्द कानात राहिले.

जोड्या खेळल्या. बऱ्याच लवकर गेल्या. निकेत आणि विकी खूप वेळ टिकले. बेत ठरवून खेळत होते, एक खाली, एक वर. त्यांचे गुण रविकांतने पाटीवर मोठ्या आकड्यात लिहिले. त्याच्या जवळपासही कोणी नव्हतं. विकीने बाहेर जाऊन लूनावरचं प्लास्टिक सारखं केलं.

शेवटी आनंदी. ती डावीकडे उभी राहिली. उजवीकडची जागा, भिंतीला लागून, रिकामी. स्पर्धेचा दिवस सोडला तर ती काठी गुरुदासनंतर फारसं कोणी धरत नव्हतं. खाऱ्या हवेने ती जाम झाली होती. रविकांतने सकाळी तेल घातलं होतं, तरी ती जड होती हे मी स्वतः हलवून बघितलं होतं. त्याने दोन नाणी घातली, दोन्ही बाजूंची सुरू करायची बटणं दाबली आणि मागे सरला. पडद्यावर तांबडी होडी आली आणि निळी होडी आली.

तांबडी चालू लागली. निळी होती तिथेच उभी. वरून पहिली विमानं उतरली. मागून कोणीतरी म्हणालं, "गुरुदास झोपलो रे." हसण्याचा आवाज झाला.

तो आवाज पुरा व्हायच्या आत निळी होडी बाजूला सरली. गोळी तिच्या जागेवरून खाली गेली.

मी पडदा सोडला आणि काठीकडे बघितलं. काठी कललेली होती. ती सरळ झाली. दुसऱ्या बाजूला कलली. शेजारचं बटण खाली गेलं, वर आलं, खाली गेलं. त्यावर बोट नव्हतं. माझ्या आणि त्या काठीच्या मध्ये कोणी उभं नव्हतं, म्हणून मला स्वच्छ दिसलं. ज्यांना दिसलं ते गप्प झाले, आणि ज्यांना दिसलं नाही ते पुढचे का गप्प झाले म्हणून गप्प झाले. मग फक्त पाऊस आणि मशीनचा आवाज.

सुशीलाने शिवी घातली, "शिरा पडली." पण हळू.

आनंदीने काठीकडे बघितलं नाही. तिचे डोळे पडद्यावर होते. तिचा चेहरा मी दोन वर्षांत तसा पाहिला नव्हता. ती पुटपुटली, "सावकाश. माका सोडून फुडे जाव नको."

दोन्ही होड्या शेजारी शेजारी चालल्या. विमानं येत होती आणि फुटत होती. आकडे वाढत होते. दोघं खेळायची तेव्हा मी दाराशी उभा राहून बघत असे, म्हणून मला माहीत होतं पुढे काय होणार. आता त्याचा हात सुटणार. आनंदीलाही माहीत होतं. तिने तांबडी होडी सरकवून निळीच्या पुढे आडवी घातली आणि वाट बघितली.

निळी थांबली नाही. तांबडीला वळसा घालून पुढे गेली आणि गोळ्या सोडत राहिली.

आनंदी परत आपल्या जागी आली. थोडं खेळली. वेळ आल्यावर पुन्हा आडवी घातली. पुन्हा तेच. निळीला आडोसा नको होता. बटण वर खाली होत होतं, एकसारखं, एकाच चालीवर, कुठे दम नाही, कुठे ढिलं नाही. ही चाल मला ठाऊक होती. दोन हंगाम ती माझ्या हातातून गेली होती.

आनंदी बोलली. मी जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं.

"खांदो बरो झालो तुझो?"

बटण चालू राहिलं.

तिने मग एक गोष्ट केली. तिसऱ्यांदा आडवी घातली नाही. गोळ्या सोडणंच थांबवलं आणि तांबडी होडी नुसती उभी ठेवली. गुरुदास असता तर ओरडला असता, झोपलंस काय गो म्हणून. निळी दोघांचं काम करू लागली. तांबडीवर येणारं प्रत्येक विमान तिने मारलं, आपल्यावरचंही मारलं, आणि वेग बदलला नाही. मी चांगले चांगले ओढणारे पाहिले. असा कोणी पाहिला नाही. माणूस कितीही चांगला असो, तो कुठेतरी श्वास घेतो.

आकडे निकेतच्या आकड्यांच्या जवळ आले. ज्यांना वाटत होतं की मशीन बिघडलं आहे, त्यांना आता उत्साह चढला. मागून कोणी म्हणालं, "आनंदी, धर गो, थोडा रवला. लूना तुझी." आणखी दोघांनी तेच म्हटलं.

आनंदीने काठी सोडली. हात पदराला पुसले.

"पुरे," ती म्हणाली.

तांबडी होडी उभ्या जागी फुटली. निळी खेळत राहिली.

"पुरे म्हटलंय मा. तू तो न्हय."

आकडे निकेतच्या पुढे गेले. सगळ्यांनी बघितलं. निळी होडी एकटी, पडद्याच्या मध्ये, आणि काठी चारी बाजूंना कलत होती. आनंदी दोन पावलं मागे आली आणि माझ्या अंगाला टेकली. रविकांत भिंतीशी गेला, मशीनची पिन काढायला. त्याचा हात पोचायच्या आधी लाईट गेली.

पावसात लाईट जातेच. पडदा काळा झाला, मशीनचा आवाज बंद झाला. दुकानात दारातून येईल तेवढा उजेड.

काठीचा आवाज चालू होता. टक, टक, टक. बटण खाली जात होतं आणि वर येत होतं, काळ्या पडद्यापुढे.

मग ते थांबलं. दमून थांबतं तसं नाही. एकदम.

नंतर रविकांतने सांगितलं की खाऱ्या हवेने आतले पत्रे चिकटले होते. चिकटलेली काठी एका बाजूला जाते. ही चारी बाजूंना जात होती. हे मी त्याला त्याच दिवशी म्हटलं. त्याने नारळ उचलून बाहेर नेला आणि न फोडता पाण्यात टाकला.

रविकांत सरळ माणूस. त्याने पाटी पुसली आणि म्हणाला, "वैनी, आकडो सगळ्यांनी बघलो. तिसऱ्या माणसाचो हात लागूक नाय. लूना तुमची."

निकेतनेही मान हलवली.

"माझी खंयची?" आनंदी म्हणाली. "मी काठी सोडलंय. ज्यान खेळान जिंकली तेची ती."

"पण घराक नेवा," रविकांत म्हणाला. "जान्हवी शाळेत जायत."

"नेलंय तर वाटो घेतलंय असा होता. तेच्या कामाचो वाटो मी आजून घेवचंय नाय." मग ती गंगारामकडे वळली. "काकानू, दोन वरसां तुमी माझ्या घराक कोणाचो वाटो धाडतास?"

गंगाराम उठून पावसात बाहेर पडला.

लूना निकेत आणि विकीला गेली. त्यांनी घेतली, पण दोघांपैकी कोणी ती फार चालवली नाही.

नारळी पौर्णिमा झाली. दर्या शांत व्हायला थोडे दिवस गेले. हंगामाची पहिली रापण घालायची त्या सकाळी होडी जाळं सोडून आली होती, दोर वाळूवर पडले होते, आणि आम्ही अजून हात लावला नव्हता. आनंदी वाळूवरून चालत आली. गळा रिकामा होता, कपाळ मोकळं होतं. मागे सासू होती, तिचा हात जान्हवीच्या हातात.

ती गंगारामसमोर उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"तांडेलानू, माझो घोव गुरुदास दर्यात गेलो. तेचो वाटो आजपासून काढू नकात."

गंगारामने टोपी काढली. "बरा," तो म्हणाला. "काढूचंव नाय."

सासू वाळूवर बसली. आनंदी बसली नाही. रापण संपेपर्यंत उभी राहिली.

आम्ही दोर उचलला. मी माझ्या जागेवर, सगळ्यात मागे, पुढची जागा रिकामी. आरोळी झाली, ओढायला सुरुवात केली, आणि वजन माझ्या हातावर आलं ते कमरेपर्यंत उतरलं. पाय वाळूत रुतले. दोन हंगाम असा दोर मी ओढला नव्हता. माझे गुडघे तिथूनच गेले. पुढचा हंगाम संपल्यावर मी रापण सोडली. पण त्या सकाळी मी ते वजन घट्ट धरून ठेवलं.

ओळीतला एक जण मागे वळून ओरडला, "आज दोर कसो जड लागता? जाळा खडकात अडाकला काय?"

गंगाराम पाण्याच्या कडेला उभा होता. त्याने जाळ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"काय अडाकूक नाय," तो म्हणाला. "एक माणूस कमी आसा. ओढा."